देवाच्या बरोबरीनं

हात डोक्यावर ठेवला की दुखणं कमी व्हायचं. ही युक्ती वसुंधराबाईंना कोणी शिकवली नव्हती; एका दुपारी त्यांची त्यांनाच सापडली. उजवा हात उचलायचा, तळवा टाळूवर टेकवायचा, कोपर बाहेर सोडायचं आणि दहा-वीस श्वास तसंच बसून राहायचं. मानेतून निघून खांद्याच्या फऱ्यावरून दंडात, दंडातून कोपरात आणि तिथून थेट अंगठ्यापर्यंत तापलेली तार ओढल्यासारखं जे व्हायचं, ते मग हळूहळू सैल पडायचं.

"वन्सं, हात काढा तो डोक्यावरचा!" प्रेमलावहिनी दारातूनच ओरडल्या. "श्रावणाचा महिना, समोर अडतीस गणपती, आणि तुम्ही घरात कोणी गेल्यासारख्या बसलाय. गिऱ्हाईक आलं तर काय म्हणेल?"

"असं बसलं की बरं वाटतं, वहिनी."

"बरं वाटायला काय! मलाही दुपारी उंबऱ्यावर आडवं झालं की बरं वाटतं, गार लागतं. होते का मी आडवी?"

वसुंधराबाई हसल्या आणि त्यांनी हात खाली घेतला. तार पुन्हा ताणली गेली. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात त्यांनी असे कितीतरी हात खाली घेतले होते. कोणी काही म्हटलं की आधी ऐकायचं आणि मग, आपलंच काही चुकलं असेल का, याचा दोन दिवस विचार करायचा, असा त्यांचा स्वभाव.

बडोद्यात दांडिया बाजाराच्या मागच्या गल्लीतला हा शाडूच्या गणपतींचा कारखाना त्यांच्या आजोबांनी सुरू केला होता. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, पुढं पडवी आणि भिंतींना फळ्या. आजोबांनंतर अप्पांनी, म्हणजे वडिलांनी तो चालवला. अप्पांनंतर थोरल्या भावानं, गणपतरावांनी. मातीचं काम, साचे, रंग, गिऱ्हाईक, सगळं दादांकडं. एकच काम वसुंधराबाईंचं होतं, डोळ्यांची आखणी. पण मूर्तीत तेच शेवटचं आणि तेच पहिलं. सोंड जराशी जाड झाली तर कोणी बघत नाही. डोळा केसभर हलला तर मूर्ती परकी दिसते. अप्पा गेल्यापासून एकोणीस वर्षं या घरातून बाहेर पडलेल्या प्रत्येक गणपतीला वसुंधराबाईंनी डोळे दिले होते. लग्न केलं नव्हतं, नोकरी केली नव्हती. कोणी विचारलं, तुम्ही काय करता, तर त्या खाली बघून म्हणायच्या, "दादाला मदत करते." पण मनात त्यांना ठाऊक होतं की आपण काय करतो.

या आखणीचा घरचा एक नियम होता. मूर्ती चौरंगावर, चौरंगाखाली विटा, आणि आखणारा जमिनीवर गोणपाट टाकून बसलेला. मूर्तीचे डोळे आखणाऱ्याच्या डोळ्यांपेक्षा हातभर वर असले पाहिजेत. अप्पा सांगायचे, "दुसरी बाहुली टेकवेपर्यंत ती माती. टेकवली की देव. आणि त्याची पहिली नजर पडते ती आखणाऱ्यावर. ती वरून पडायला हवी. आपण कोण त्याच्या डोळ्याला डोळा भिडवणारे?" मान मागं टाकून, वर बघत, खालून काढलेले ते डोळे किंचित खाली झुकलेले यायचे. बडोद्यातली जुनी मराठी घरं म्हणायची, यांचा गणपती आपल्याकडं वाकून बघतो.

एकोणीस वर्षं वसुंधराबाई वर बघत आल्या होत्या. अप्पांच्या वेळी रंग कालवून देताना, शिकताना बघितलं ते वेगळंच.

आषाढ लागायच्या सुमाराला दुखणं सुरू झालं. आधी वाटलं, उशी बदलली म्हणून. मग एक दिवस वाटाणे सोलताना अंगठ्याला शेंगेची साल कळेना. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, दोघांनाही जाड मोजा घातल्यासारखं झालेलं. पोलक्याची बटणं लावायला वेळ लागायला लागला. आणि मान जरा वर करून उजवीकडं वळवली की ती तापलेली तार.

दादांनी आपल्या परीनं उपाय केला. ते तरुणपणी आखाड्यात जात. तिथल्या जुन्या ओळखीचा एक मालिशवाला अजून होता. बडोद्यातल्या त्यांच्या पिढीच्या माणसांचा डॉक्टरपेक्षा आखाड्यावर भरवसा जास्त. "मान धरलीय, दुसरं काही नाही," दादा म्हणाले. "तो एक झटका देईल, मोकळी होईल." मालिशवाल्यानं तेल लावलं, हनुवटी धरली, देवाचं नाव घेतलं आणि मान कडकन मोडली. वसुंधराबाईंच्या डोळ्यांसमोर पांढरं झालं. त्या रात्रीपासून हातात ब्रश धरला तरी तो बोटांतून निसटायला लागला.

तेव्हा मग भाची त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरांनी फोटो काढायला लावले, हातोडीनं कोपरावर टकटक केलं आणि समजावून सांगितलं. मानेतल्या दोन मणक्यांमधली गादी थोडी सरकलीय आणि हाताकडं जाणाऱ्या नसेच्या मुळावर तिचा दाब येतोय. दुखतंय हातात, पण भांडण आहे मानेत. बहुतेकांचं दीड ते तीन महिन्यांत ऑपरेशनशिवाय उतरतं. मात्र हाताची ताकद कमी होत गेली, चालताना तोल जायला लागला किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर उद्यावर ढकलायचं नाही, त्याच दिवशी यायचं. "आणि मान," ते म्हणाले, "यापुढं कोणाकडूनही मोडून घ्यायची नाही. देवाचं नाव घेऊनसुद्धा नाही."

व्यायाम शिकवायला निरुपमा होती. निजामपुऱ्यात तिचा छोटा दवाखाना. वय तिशीच्या आतबाहेर, बोलणं अर्धं गुजराती, अर्धं मराठी. पहिल्याच दिवशी वसुंधराबाईंनी तिला घाबरत घाबरत विचारलं, "मी डोक्यावर हात ठेवते. त्यानं बरं वाटतं. पण ते वाईट दिसतं."

निरुपमानं लिहिता लिहिता मान वर केली. "कोणी शिकवलं तुम्हाला हे?"

"कोणी नाही."

"मासी, हे पुस्तकात आहे. असा हात ठेवला की नसेवरचा ताण सुटतो. खुशाल ठेवा."

"चालेल?"

"चालशे नहीं, दोडशे!" म्हणजे नुसतं चालणार नाही, धावेल. मग तिनं हनुवटी आत ओढायला शिकवली, फरे मागं जुळवायला शिकवलं, अर्ध्या अर्ध्या तासानं उठायला सांगितलं, जड उचलायचं नाही म्हणाली. ब्रशच्या दांड्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून तो जाड करून घ्यायचा, म्हणजे बधिर बोटांतही तो राहतो, हेही तिचंच. "आणि एक गोष्ट नाहीच करायची. उपर नहीं जोवानुं. वर नाही बघायचं. तुमचं काम काय?"

वसुंधराबाईंनी सांगितलं. निरुपमानं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "देवाला खाली आणा. नाहीतर तुम्ही वर जा. मला दोन्ही चालेल."

हे वाक्य घेऊन वसुंधराबाई बसमधून घरी आल्या.

दोन दिवस त्यांनी काही केलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी, दादा डभोईला कोणाची मूर्ती पोचवायची ते ठरवायला गेले असताना, त्यांनी तडा गेलेली एक मूर्ती फळीवरून वहिनींकडून काढून घेतली, रंगाच्या टेबलावर ठेवली आणि लोखंडी स्टूल ओढून तिच्यासमोर बसल्या. कोपराखाली लाकडी खोकं. मूर्तीचे डोळे आणि त्यांचे डोळे अगदी समोरासमोर. मान सरळ होती. हात जळत नव्हता; नुसता धुमसत होता. जाड केलेला ब्रश तीन बोटांत धरून त्यांनी पांढरा भरला, वरची पापणी ओढली, बाहुली टेकवली.

आणि त्या दचकल्या. गणपती सरळ त्यांच्याकडं बघत होता. वाकून नाही, वरून नाही. दारात कोणी ओळखीचं माणूस येऊन उभं राहावं तसा.

त्यांनी घाईनं त्यावर फडकं टाकलं. हे काय झालं? बोटांना कळत नाही म्हणून चुकलं? की समोर बसलो म्हणून? बिघडलेल्या हाताचं काम आपण नवीन म्हणून खपवतोय, असं तर नाही? रात्री त्याच विचारात त्या या कुशीवरून त्या कुशीवर झाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते डोळे पुसून पुन्हा काढले, बाहुली केसभर खाली उतरवून. नजर झुकली, अगदी अप्पांची नजर. म्हणजे हात ऐकत होता. मग पुन्हा पुसले आणि बाहुली पुन्हा मधोमध टेकवली. गणपतीनं पुन्हा सरळ बघितलं. या वेळी त्यांनी फडकं टाकलं नाही.

एकोणीस वर्षांत शेकडो डोळे काढले, त्यांना वाटलं, पण एकानंही आपल्याकडं असं बघितलं नव्हतं.

दादांनी ती मूर्ती संध्याकाळी पाहिली. "हा रोखून का बघतोय?"

"समोर बसून काढला."

"समोर म्हणजे?"

वसुंधराबाईंनी स्टूल दाखवलं. दादांनी स्टूल पाहिलं, टेबल पाहिलं, खोकं पाहिलं. "देवाच्या बरोबरीनं बसलीस?"

"वर बघितलं की हात जातो माझा, दादा."

"म्हणून तर म्हणतो, यंदा सोड." दादांचा आवाज मऊ झाला, आणि तोच आवाज त्यांना जास्त लागला. "मी सुरतेच्या एका माणसाशी बोललोय. रंगाच्या फवाऱ्यानं करतो. गुरुवारी येतो, अडतीसच्या अडतीस एका दिवसात. तू आराम कर."

"फवाऱ्यानं डोळे?"

"लोकांना कळत नाही गं हल्ली."

"तुला कळतं ना?"

दादा हात धुवायला गेले. पाण्याच्या आवाजातून म्हणाले, "तुझ्या हाताची मला काळजी नाही का?"

"हाताची काळजी आहे," वसुंधराबाई म्हणाल्या, "मग हातातलं काम का काढून घेतोस?"

हे त्या इतक्या हळू बोलल्या की पाण्यात ते वाहून गेलं. पण बोलल्या. त्यांच्या कानांना ते ऐकू आलं. आणि एकदा ऐकू आलेलं वाक्य मग रात्रभर घरातल्या घरात फिरत राहिलं. आखणी गेली तर पुढच्या वर्षी कोणी ती परत देणार नाही, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. यंदा आराम, पुढच्या वर्षी सवय, त्याच्या पुढच्या वर्षी कारखान्याच्या कोपऱ्यात बसून वाती वळणं. हाताचं दुखणं उतरेल, डॉक्टर म्हणाले होते. पण हे दुसरं कुठल्या व्यायामानं उतरणार?

सकाळी दादांच्या वहीतून सुरतेचा नंबर काढून त्यांनी फोन लावला. परक्या माणसाला फोन करायचा म्हटलं की त्यांना आधी पाणी प्यावं लागे. त्या पाणी प्यायल्या.

"भाई, वडोदराथी वसुंधराबेन बोलुं छुं. गुरुवारे तमारे आववानुं नथी." गुरुवारी यायचं नाही.

"केम बेन? बीजो मळी गयो के?" दुसरा मिळाला का, असं तो विचारत होता.

"हा," वसुंधराबाई म्हणाल्या. "हुं पोते." मी स्वतः.

फोन ठेवून त्यांनी उरलेलं पाणी संपवलं. प्रेमलावहिनी भाजी चिरता चिरता सगळं ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "आता ह्यांना कोण सांगणार?"

"मी सांगते."

"बघा हं. रक्तदाबाची गोळी घेऊ दे त्यांना आधी." आणि थोड्या वेळानं, सुरी थांबवून, "ते स्टूल फार डुगडुगतं, वन्सं. पायाखाली पुठ्ठा घाला एखादा."

दादांनी आरडाओरडा केला, तो अपेक्षेइतकाच केला. "घराण्याचा नियम मोडायचा आणि वर परस्पर माणूस परत पाठवायचा!" मग ते दोन दिवस बहिणीशी बोलले नाहीत. पण घरात एक फर्मान सोडलं: वसुंधराबाईंना कोणी मूर्ती उतरवून द्यायची नाही. अडतीस मूर्ती फळ्यांवर बिनडोळ्यांच्या उभ्या, आणि जड उचलायचं नाही म्हणून बाई खाली नुसत्या बसलेल्या. दादांना वाटत होतं, वसू नेहमीसारखी थकून गप्प होईल. वसुंधराबाई त्या दोन दिवसांत स्टुलावर बसून हनुवटी आत ओढण्याचे व्यायाम करत होत्या. अर्ध्या तासानं उठायच्या, पडवीत एक फेरी मारायच्या, परत येऊन बसायच्या. गिऱ्हाईक आलं तरी हात डोक्यावर असला तर असायचा. एका बाईनं हळूच विचारलंही, "काही वाईट झालं का?" "नाही," वसुंधराबाई म्हणाल्या, "नस दबलीय. मोकळी करतेय." बाईला एवढंच उत्तर पुरलं, याचंच त्यांना नवल वाटलं.

तिसऱ्या दिवशी फत्तेसिंहराव आले.

फत्तेसिंहराव म्हणजे कारखान्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. वय अठ्ठ्याहत्तर, वाडवडील संस्थानच्या फौजेत. त्यांच्या घरच्या गणपतीची आखणी त्यांच्यासमोरच व्हायची, हा आजोबांच्या काळापासूनचा रिवाज. ठरलेल्या दिवशी ते नारळ घेऊन यायचे, डोळे उघडताना बघायचे आणि नमस्कार करून जायचे. गाडीतून उतरून काठी टेकत ते आत आले. दादांनी पडवीतली वेताची खुर्ची उचलून आत आणली, फडक्यानं पुसली आणि चौरंगासमोर मांडली. राव तिच्यात बसले. त्यांची मूर्ती चौरंगावर, विटांवर, तयार होती. खाली गोणपाट पसरलेलं होतं. सकाळीच दादांनी ते पसरलं होतं.

वसुंधराबाई गोणपाटाकडं न जाता स्टुलावर बसून राहिल्या. उजवा तळवा टाळूवर.

"हे काय गणपतराव?" रावांनी काठीनं दाखवलं. "ही डोक्याला हात लावून का बसलीय?"

"हात दुखतोय तिचा, रावसाहेब. वसू, ये. सुरुवात कर."

वसुंधराबाईंनी हात खाली घेतला. "रावसाहेब, मूर्ती टेबलावर ठेवायला सांगा. मी इथून काढीन."

"इथून? देवाच्या तोंडासमोर तोंड करून?" राव हसले, पण डोळे हसले नाहीत. "पोरी, तुझ्या आजोबांना मी या गोणपाटावर बसलेलं बघितलंय. तुझ्या वडिलांना बघितलंय. तुलाही बघितलंय."

"हो."

"मग?"

"मान वर केली की हात पेटतो. डॉक्टरांनी मनाई केलीय."

"दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे. आमच्या घरचा एकच काढ खाली बसून. बाकीचे काढ तुला हवे तसे."

दादांनी लगेच मान डोलावली. "बरोबर आहे. एकच, वसू. दहा मिनिटं."

दहा मिनिटं त्या सोसू शकल्या असत्या, हे खरं होतं. दुखणं आता पहिल्याइतकं नव्हतं. याच्याआधीची वसुंधरा उठली असती, गोणपाटावर बसली असती आणि नंतर तीन रात्री हात उशीवर ठेवून जागली असती. कोणाला काही कळलंही नसतं. त्यांनी गोणपाटाकडं बघितलं. नुसत्या बघण्यानंही अंगठ्यात मुंग्या आल्या.

"दहा मिनिटं तुमची, रावसाहेब," त्या म्हणाल्या. "पुढचे तीन दिवस माझे. मी नाही बसणार."

दादांचा चेहरा काळा पडला. "मी काढतो," ते म्हणाले, आणि कोणी काही बोलायच्या आत गोणपाटावर जाऊन बसले. ब्रश घेतला, काळ्यात बुडवला, मान वर केली. दादांचा चष्मा दोन भिंगांचा. मान वर केल्यावर समोर आलं खालचं, वाचायचं भिंग, आणि त्यातून त्याच्या टप्प्यापलीकडचा देव म्हणजे नुसता केशरी ढग. त्यांनी मान आणखी मागं टाकली. कट्ट असा आवाज झाला, तो सगळ्यांनी ऐकला.

"आई गं," दादा म्हणाले.

प्रेमलावहिनी दारातून पुढं झाल्या. "उठा. उठा म्हणते. आता तुम्हीही डोक्यावर हात ठेवून बसा, म्हणजे शेजारी शेजारी शोभाल."

दादांनी मूर्तीला न शिवता ब्रश खाली ठेवला आणि वहिनींचा हात धरून उठले.

फत्तेसिंहराव खुर्चीत सावरून बसले. "थोडक्यात काय, यंदा इथं रिवाज पाळला जायचा नाही. देवासमोर कसं बसायचं, तेवढंही जर राहिलं नसेल..."

"रावसाहेब," वसुंधराबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चिरकला, म्हणून त्यांनी ते पुन्हा म्हटलं. "रावसाहेब, तुम्ही खुर्चीत बसलाय."

"काय?"

"तुम्ही खुर्चीत आणि देव चौरंगावर. तुमचं डोकं त्याच्या मुकुटाच्या वर जातंय. गेली सहा वर्षं जातंय. तुमचे गुडघे आखडले तेव्हा दादानं ही खुर्ची आणली. कोणी काही बोललं नाही, मीही नाही. बोलण्यासारखं नव्हतंच काही. गुडघे दुखतात तर माणूस खाली कसा बसेल?" त्यांना श्वास घ्यावा लागला. "तुमचे गुडघे देवाला चालतात. मग माझी मान का चालत नाही?"

फळ्यांवरच्या सदतीस बिनडोळ्यांच्या मूर्ती तेवढ्या समोर बघत होत्या.

फत्तेसिंहरावांनी खाली आपल्या गुडघ्यांकडं बघितलं, मग चौरंगाकडं, मग पुन्हा गुडघ्यांकडं. आपलं डोकं कुठवर येतंय ते जणू ते पहिल्यांदाच मोजत होते. त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"गणपतराव," ते शेवटी म्हणाले, "तुमची बहीण कधीपासून बोलायला लागली?"

"आजच," दादा मान चोळत म्हणाले.

"हं." राव काठीवर भार देऊन उठले. "मी घरी विचारतो. कळवतो." आणि ते निघाले. ते गाडीत बसल्यावर दादांच्या लक्षात आलं, नारळ खुर्चीपाशीच राहिलाय. दादा तो घेऊन लगबगीनं फाटकापर्यंत गेले. "रावसाहेब, नारळ!"

गाडीची काच अर्धी खाली आली. "राहू दे तिथंच," एवढंच ऐकू आलं आणि गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली.

दादा नारळ हातात घेऊन परत आले. तो कुठं ठेवावा, हे त्यांना समजेना. "राहू दे म्हणजे काय? येणार म्हणून राहू दे, की नको म्हणून राहू दे?"

"मला काय ठाऊक," वसुंधराबाई म्हणाल्या. बोललो ते जास्त झालं का? म्हाताऱ्या माणसाच्या गुडघ्यांचा विषय काढायला नको होता का? हे प्रश्न आता दोन दिवस राहणार होते. ते त्यांच्या ओळखीचे होते, येतील आणि बसतील. पण चतुर्थीला अकरा दिवस उरले होते.

"आजोबांपासूनचं गिऱ्हाईक," दादा म्हणाले. "गेलं तर?"

"गेलं तर गेलं."

"आणि ही मूर्ती? त्यांच्या मापाची, त्यांच्या रंगाची. हिला आता डोळे कोणासाठी काढायचे?"

"जो घरी नेईल त्याच्यासाठी. आणि कोणी नेली नाही तर आपण बसवू." त्यांनी स्टूल टेबलाजवळ ओढलं, खोकं कोपराखाली सरकवलं, ट्यूब गुंडाळलेला ब्रश उचलून पाहिला. अंगठा अजून अर्धा झोपलेलाच होता, पण ब्रश हातात राहिला. "दादा, मला जड उचलायचं नाही. तू उचलतोस, की शेजारून कोणाला बोलावू?"

दादा चौरंगापाशी गेले. नारळ त्यांनी प्रेमलावहिनींच्या हातात दिला. मग वाकून, दोन्ही हात मूर्तीच्या बैठकीखाली घालून, पोटाशी धरून त्यांनी ती उचलली, टेबलापाशी आणली आणि वसुंधराबाईंच्या समोर ठेवली. ठेवून ते बाजूला झाले. पण बाहेर गेले नाहीत. भिंतीला टेकून उभे राहिले.

वसुंधराबाईंनी मान सरळ केली आणि समोर बघितलं. देवाची कोरी पापणी त्यांच्या नाकाच्या रेषेत येत होती.

"एवढ्यावर नाही," त्या म्हणाल्या. "खाली एक पाट घाल. डोळ्याला डोळा भिडायला अजून दोन बोटं वर पाहिजे."